स्वस्त तिकिटाच्या नादात शिजियाझुआंग : बाबा, मी आणि एक सोलापुरी चादर

परत येऊन तीन आठवडे झाले, बॅगा अजून माळ्यावर चढल्या नाहीयेत आणि घरी येणारा प्रत्येक जण एकच विचारतोय, की चीनमध्ये आतल्या आत विमानाने फिरलात तर तिकिटं काढलीत कशी, तिथे गूगल पण चालत नाही म्हणे. दहा जणांना दहा वेळा सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

आम्ही दोघंच गेलो. मी आणि बाबा. बाबा ७१ वर्षांचे, सोलापूरला शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेले, गुडघे ठीक, शाकाहारी, आणि घरातून निघताना 'थंडी असते तिकडं' म्हणून बॅगेत एक अख्खी सोलापुरी चादर कोंबलेली. आई म्हणाली मला तिकडे खायला काय मिळणार, तुम्हीच जा. २०२५ चा नोव्हेंबर संपत आलेला.

निघण्याआधी

कोलकाता-ग्वांगझोऊ थेट विमान २६ ऑक्टोबर २०२५ पासून परत सुरू झालंय, जाण्यायेण्याचं ते तिकीट आधीच काढून ठेवलं. आतली तिकिटं मात्र मुद्दाम सगळी काढली नाहीत. महिनाभर आधी बघितलं तेव्हा भाव जास्त दिसत होते, दहाबारा दिवस उरले तसे उतरायला लागले. पण हे नोव्हेंबर होता म्हणून हां. १ ऑक्टोबरपासूनची त्यांची आठवडाभराची सुट्टी आणि चांद्र नववर्षाच्या आगेमागे असलं धाडस करू नका, तेव्हा अख्खा देश प्रवासात असतो.

आधी हुशारी करून एका चिनी विमान कंपनीच्या साइटवरूनच तिकीट काढायला गेले. कार्ड तीनदा नाकारलं, आणि चौथ्यांदा ओटीपी येईपर्यंत पान एक्स्पायर. शेवटी ट्रिप डॉट कॉमवर काढलं, ते चीनमधल्या सीट्रिपचंच बाहेरच्या लोकांसाठीचं रूप आहे, रुपयात भाव दिसतो आणि आपलं व्हिसा-मास्टरकार्ड घेतं. कार्डावरचं 'इंटरनॅशनल' बटण बँकेच्या ॲपमधून चालू केलेलं पाहिजे आणि भारतातलं सिम एसेमेस येण्याइतकं तरी रोमिंगवर जिवंत पाहिजे, नाहीतर तिथे बसून पुढचं तिकीट काढताना ओटीपीची वाट बघत बसाल.

दुसरी गंमत खास आपल्या लोकांची. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला वडिलांचं नाव जोडलेलं असतं आणि आडनाव वेगळ्या ओळीत. तिकीट काढताना आडनावाच्या जागी आडनाव आणि नावाच्या जागी दोन्ही नावं, पासपोर्टवर आहेत तशीच टाकायची. तिकिटावर ती दोन्ही नावं चिकटून एक लांबलचक शब्द होतो, मध्ये जागा नाही काही नाही. बाबांना ते बघून फार वाईट वाटलं, 'माझा आणि अण्णांचा समास केलाय की यांनी' म्हणाले. पण ते चालतं. चालत काय नाही, तर वडिलांचं नाव गाळलेलं.

दिवस १ : ग्वांगझोऊ

पहाटे उतरलो, इमिग्रेशनला तासभर. बाहेर मस्त आपल्या डिसेंबरसारखी हवा, स्वेटर हातात. दुपारी शामियान बेटावर गेलो, जुन्या युरोपियन इमारती आणि मोठमोठी झाडं, तिथे लग्नाचे फोटो काढणाऱ्या जोड्यांची इतकी गर्दी की बाबा तीन फोटोंमध्ये मागे आले असणार. संध्याकाळी नदीकाठी. बाबांना चीन पहिल्याच दिवशी आवडला आणि त्याचं कारण म्हणजे गरम पाणी. स्टेशनात, विमानतळावर, हॉटेलात, जिथे बघाल तिथे गरम पाण्याचा नळ. आयुष्यभर आईशी 'कोमट पाणी दे' वरून भांडलेला माणूस, त्याला एकदम आपल्या लोकांत आल्यासारखं झालं.

दिवस २ : पॉवर बँक गेली, यीचांग फुकटात बघितलं

आज शीआनचं विमान. सिक्युरिटीला माझी पॉवर बँक काढून बाजूला ठेवली. मला वाटलं क्षमता बघतायत, मी छापलेला आकडा दाखवला, २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर, विमानात चालतात त्या शंभरच्या आत, बिनधास्त. पोरगी मान हलवते आणि बोटाने गोल काढते. चीनमध्ये २८ जून २०२५ पासून देशांतर्गत विमानात थ्री-सी, म्हणजे त्यांच्या सुरक्षा तपासणीचा शिक्का नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. तीन 'सी' एकात एक असल्यासारखं ते चिन्ह. आपल्याकडे घेतलेल्या बहुतेकांवर ते नसतं. कोलकात्याहून येताना कोणी अडवलं नाही कारण ते विमान आंतरराष्ट्रीय, नियम आतल्या विमानांना. चूक माझीच, वाचलं होतं आणि विसरले. शेजारी पारदर्शक खोका होता, त्यात शेदोनशे पॉवर बँका पडलेल्या, त्यात माझी पण गेली. बाबा म्हणाले, 'हुंडीत टाकलं समज.'

तर घरून नेऊच नका. तिथे दुकानात शिक्केवाली मिळते, आणि हॉटेल, चहाची दुकानं, मॉल सगळीकडे भाड्याच्या पॉवर बँकांची कपाटं उभी असतात, अलीपेने (तिकडचं पैसे भरायचं ॲप) स्कॅन करून घ्यायची, दुसरीकडे कुठेही परत खोचायची. अलीपेवर आपलं कार्ड जोडता येतं, २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा पैसे नाहीत, त्याच्या वर ३ टक्के कापतात. आमच्या वेळी युआन साडेबारा रुपयांच्या आसपास होता.

आता हे तिकीट स्वस्त का होतं ते विमानात बसल्यावर कळलं. त्यावर 'एक थांबा' लिहिलेलं मी वाचलं होतं, पण विमान बदलायचं नव्हतं म्हणून फार विचार केला नाही. तिकडे याला जिंग-थिंग म्हणतात, आपल्या एसटीसारखं. विमानाचा नंबर एकच, पण मध्ये एका गावात थांबतं, काही उतरतात, काही चढतात. आमचं यीचांगला थांबलं. आम्ही 'आपल्याला पुढे जायचंय' म्हणून ऐटीत बसून राहिलो तर हवाईसुंदरीने हाताने खुणा करून उठवलं. सगळ्यांनी उतरायचं, सामान घेऊन. खाली दारात हातात एकेक प्लॅस्टिकचं कार्ड दिलं, सिनेमाच्या मध्यंतराला बाहेर जाताना पूर्वी पास द्यायचे ना, तसंच. पाऊण तासाने तेच कार्ड परत देऊन त्याच विमानात त्याच सीटवर. बाबांनी तेवढ्यात गरम पाणी भरून घेतलं आणि काचेतून डोंगर बघत मला यांगत्से नदी आणि तिच्यावरच्या धरणाचं अख्खं प्रकरण शिकवून टाकलं. मला हा प्रकार आवडला. थेट विमानापेक्षा माणशी १८० युआन वाचले, दोन तास गेले. वयस्कर माणूस बरोबर असेल आणि जिने झेपत नसतील तर मात्र करू नका.

भाव बघताना अजून एक. तिकिटाच्या भावावर विमानतळाचे ५० युआन आणि इंधनाचा अधिभार वेगळा असतो, अधिभाराचे दोन दर, ८०० किलोमीटरच्या आत एक आणि बाहेर दुसरा. यादीत ठळक दिसणारा आकडा आणि शेवटी भरायचा आकडा यात म्हणून फरक पडतो.

दिवस ३ आणि ४ : शीआन

थंडी. म्हणजे खरी थंडी, सकाळी दोनतीन डिग्री. चादर बाहेर निघाली आणि बाबा हॉटेलच्या लॉबीत चादर पांघरून चहा पीत बसले, मी लांब उभी राहिले.

मातीची फौज बघितली, १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडली ती. तिच्याबद्दल मी लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही. बाबांना खरं जायचं होतं मोठ्या हंस पॅगोडाला. हा ६५२ साली बांधला, ह्युएन त्संगने भारतातून नेलेल्या पोथ्या ठेवायला. समोर त्याचा उभा पुतळा आहे, हातात दंड. बाबा त्याच्यासमोर उभे राहिले आणि वर्गात शिकवतात त्या आवाजात सुरू झाले, की हा माणूस सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेला, पुलकेशीच्या राज्यात, आणि त्याने आपल्या लोकांबद्दल लिहून ठेवलंय, मानी आहेत, उपकार विसरत नाहीत, आणि सूड घ्यायचा तर आधी कळवून घेतात. 'आधी कळवून, बरं का.' चारपाच चिनी पर्यटक थांबून ऐकायला लागले, एकाने व्हिडिओ पण काढला. भाषा कळत नव्हती पण मास्तर ओळखू येतो.

जेवणाचं. 'वो छर सू' म्हणजे मी शाकाहारी, एवढं पाठ करून जा, आणि तरी फोनवर भाषांतर करून 'मांस नको, मासे नको, हाडाचं पाणी पण नको' दाखवा, कारण 'मांस नाही' म्हणून देतात त्यात कधीकधी सूप हाडाचं असतं. गल्लीत एका छोट्या दुकानात पट्ट्याएवढ्या रुंद नूडल्स मिळाल्या. बाई कणकेचा गोळा दोन्ही हातांनी ताणून ओट्यावर आपटते, धप्, धप्, मग मधोमध फाडून उकळत्या पाण्यात. वाडग्यात नूडल्स, त्यावर लसणाचा ढीग, त्यावर लाल तिखटाचा ढीग, आणि मग पळीभर कडकडीत तेल वरून. चर्र झालं आणि सगळ्या दुकानात तोच वास पसरला जो आपल्या स्वयंपाकघरात रोज सकाळी असतो. बाबा खुर्चीतून उठून बघायला गेले. 'अगं ही फोडणी की! फक्त वरून घालायलालेत.' मग पिशवीतून शेंगाचटणी काढून त्या बाईला चिमूटभर दिली. तिने खाल्ली, डोळे मोठे केले, परत हात पुढे केला. पैसे घेताना दोन युआन कमी घेतले.

आता मुख्य गोष्ट. ठरलेलं असं होतं की शीआनहून चेंगदू आणि चेंगदूहून विमानाने बीजिंग. पण चेंगदू-बीजिंगचे भाव हजाराच्या वर चाललेले. रात्री लॉबीत मी फोनमध्ये डोकं घालून बसलेली, बाबा शेजारी. 'काय बघायलालीस एवढं त्यात?' रिसेप्शनवरची मुलगी, बाविसतेविसची असेल, इंग्रजी तोडकंमोडकं पण उत्साह फार, तिने स्वतःच्या फोनवर चिनी ॲप उघडून दाखवलं. तिथे प्रत्येक भावाशेजारी एक अक्षर आणि आकडा. ४, ३.२, ६.५ असं. मी म्हटलं एवढंच डिस्काउंट? सव्वातीन टक्के? ती हसायला लागली. कागद घेतला, १०० लिहिलं, खोडलं, ३२ लिहिलं. त्या अक्षराचा उच्चार साधारण 'जऽ', आणि त्याचा अर्थ दहातले किती भाग भरायचे. म्हणजे ३.२ म्हणजे ३२ टक्के भरा, ६८ टक्के सूट. आकडा जितका लहान तितकं स्वस्त. आपल्या डोक्यात नेमकं उलटं बसलेलं असतं. हेच गणित तिकडे कपड्यांच्या दुकानावरच्या पाट्यांना पण लागू, 'आठ' बघून हुरळून जाऊ नका, वीसच टक्के सूट असते.

मग तिने बीजिंगच्या जागी दुसरं नाव टाकलं आणि भाव धाडकन खाली आला. ३.२ तेच होतं. सगळं धरून ३९० युआन. तिचं म्हणणं, इथे उतरा आणि पुढे बुलेट ट्रेनने बीजिंग, तासासव्वा तासाचं अंतर. मी नाव वाचायचा प्रयत्न केला. शि-जिया-झुआंग.

बाबा चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, 'परत वाच.'

मी परत वाचलं.

'तिथं कोटणीस आहेत.'

सोलापूरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १९१० सोलापूर, १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या तुकडीतून चीनला गेले, जपानशी युद्ध चालू होतं, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले, तिथल्याच क्वो छिंगलान या नर्सशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी गेले. बाबा दर वर्षी पोरांना भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात घेऊन जायचे. समाधी शिजियाझुआंगला आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं, मला म्हणाले नव्हते, कारण 'तुझा प्लॅन बिघडला असता.'

भाव तिच्या ॲपमध्ये माझ्यापेक्षा पंधरावीस युआनने कमी होता. ती म्हणाली मी काढून देऊ का, पण मी माझ्याच ॲपवरून काढलं. पासपोर्टचं नाव, रिफंड, विमान रद्द झालं तर येणारा मेसेज, हे सगळं दुसऱ्याच्या खात्यात आणि चिनीत असणं पंधरा युआनसाठी परवडत नाही. आणि रिफंडचं म्हणाल तर स्वस्त तिकीट परत करताना फार काही हातात येत नाही, उड्डाण जवळ येईल तसा कापला जाणारा पैसा वाढत जातो. तारीख पक्की असेल तरच घ्या.

दिवस ५ : ट्रेनने चेंगदू

इथे विमान घेतलं नाही. शीआन-चेंगदू बुलेट ट्रेन साडेतीनचार तास, दुसऱ्या वर्गाचं तिकीट साधारण २६० युआन, आणि वाटेत छिनलिंगचे डोंगर, बोगदा, क्षणभर दरी, परत बोगदा. विमान याहून शंभर युआन स्वस्त मिळालं असतं तरी विमानतळाला जाणंयेणं, दोन तास आधी पोचणं धरून ट्रेनच बरी. चारपाच तासांच्या आत ट्रेन असेल तर विमानाचा भाव बघूच नये असं माझं मत झालंय.

दिवस ६ आणि ७ : चेंगदू

चेंगदूला कोणाला घाई नाही. पीपल्स पार्कमधल्या चहाघरात वेताच्या खुर्च्यांवर लोक सकाळपासून बसलेले, झाकणाच्या कपात चहा, पाणी संपलं की थर्मासमधून परत. मध्येच कान साफ करणारे फिरतात, हातातला लांब चिमटा वाजवत, टिंग करून आवाज. बाबांनी करून घेतला. मी डोळे मिटून घेतले. अर्ध्या तासाने म्हणाले, 'मुंबई-पुण्याचं सगळं ऐकू यायलालंय.' मंजुश्री मठात, म्हणजे वनशू मंदिरात, शुद्ध शाकाहारी जेवण, तिथे दोन्ही दिवस जेवलो. बाहेर मापो टोफू बघून शाकाहारी समजू नका, त्यात खिमा असतो.

शेवटच्या रात्री मी दुसऱ्या दिवसासाठी गाडी बघत होते. ॲपमध्ये 'चेंगदू विमानतळ' टाकलं, पहिलं आलं ते निवडलं, पाऊण तास, भाडं कमी. बाबा तिकिटाचा फोटो आणि माझा फोन शेजारी शेजारी धरून बघत बसलेले, पेपर तपासल्यासारखे.

'अक्षर वेगळं आहे.'

'बाबा, तुम्हाला चिनी येतं का?'

'येत नाही. पण हे बघ. इथं तिकिटावर दोन आडव्या रेघा आणि खाली पाय फाकवून उभा माणूस. आणि तुझ्या गाडीत एकच आकार दोनदा, शेजारी शेजारी, जुळ्या भावांसारखा.'

बरोबर होतं. चेंगदूला दोन विमानतळ आहेत. जुनं श्वांगलिऊ शहराजवळ, आणि २०२१ मध्ये सुरू झालेलं थ्येनफू, जे शहरापासून पन्नास किलोमीटर लांब. जुळे भाऊ म्हणजे श्वांगलिऊ, पाय फाकवलेला माणूस म्हणजे थ्येनफू. आमचं विमान थ्येनफूहून. दुसऱ्या दिवशी कळलं असतं तर विमान गेलंच होतं. शांघायला पण दोन, बीजिंगला पण दोन. तिकिटावर शहराचं नाव नाही, विमानतळाचं वाचायचं, आणि टर्मिनलसुद्धा, ग्वांगझोऊला तर ३० ऑक्टोबर २०२५ ला तिसरं उघडलंय.

थ्येनफूला टॅक्सी घेतली असती तर स्वस्त तिकिटातली निम्मी बचत तिथेच गेली असती. मेट्रोची १८ नंबरची लाइन थेट जाते, ती पकडली.

दिवस ८ : सात किलो

हे विमान लो-कॉस्ट. जेवण नाही, आणि सामान माणशी सात किलो, तिकिटात चेक-इन बॅग नाही. मी माझं मोजून मापून भरलेलं. बाबांची बॅग काउंटरवर ठेवली, ८.३. काउंटरवरच्या मुलीने आकडा दाखवला आणि जादा सामानाच्या भावाचा कागद पुढे सरकवला. मी पाकीट काढायला लागले तोवर बाबांनी बॅग उघडली, चादर काढली, झटकली, दोन खांद्यांवरून पांघरून घेतली आणि बॅग परत काट्यावर ठेवली. ६.९.

मागची रांग बघतेय. काउंटरवरची मुलगी आधी बाबांकडे, मग आकड्याकडे, मग शेजारच्या मुलीकडे. शेजारची फुटली हसायला. बाबा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, 'कोल्ड.' बोर्डिंग पास मिळाला. पिवळ्या-लाल चौकडीच्या चादरीत बाबा अख्खं सिक्युरिटी पार करून गेले, फक्त मशीनमधून चादर वेगळ्या ट्रेमध्ये गेली.

थोडं सामानाबद्दल सांगते. लो-कॉस्ट सोडून बाकीच्या मोठ्या कंपन्यांत साध्या तिकिटावर साधारण २० किलोची चेक-इन बॅग असते, म्हणून भावांची तुलना करताना बॅगेचे पैसे धरूनच करा, चाळीस युआन स्वस्त तिकीट शंभराने महाग पडतं. चेक-इन बंद होण्याची वेळ पण कडक, पाऊण तास आधी काउंटर बंद म्हणजे बंद. स्वयंचलित मशीन्स त्यांच्या ओळखपत्रासाठी असतात, आपला पासपोर्ट एखादं वाचतं एखादं नाही, म्हणून काउंटरला जायचा वेळ धरून पोचायचं.

शिजियाझुआंगचं विमानतळ झंगडिंग गावाजवळ आहे, त्याला स्वतःचं बुलेट ट्रेन स्टेशन आहे, बीजिंगला जाणारे स्वस्तातले लोक इथूनच पुढे जातात. आम्ही नाही गेलो. आम्ही शहरात राहिलो.

दिवस ९ : लाइन १

धुरकट सकाळ, शून्याच्या आसपास, उघडी झाडं. पर्यटक म्हणून या शहरात कोणी येत नसावं, नाश्त्याच्या दुकानात सगळ्यांनी वळून बघितलं. मेट्रोच्या लाइन १ वर हुतात्मा स्मारकाचं स्टेशन आहे आणि त्याला लागूनच 'पीस हॉस्पिटल' नावाचं, बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचं. त्या रुग्णालयाचे पहिले प्रमुख कोटणीसच. बाबा स्टेशनांची पाटी बघत उभे राहिले, बसायला जागा होती तरी.

कोटणीसांची समाधी या हुतात्मा स्मारकातच, आत उंच झाडांच्या मधून रस्ता. रुग्णालयाला ज्यांचं नाव आहे ते कॅनडाचे डॉ. बेथ्यूनही इथेच आहेत. कोटणीसांचा पुतळा पांढरा, समोर फुलांच्या कुंड्या. तिकडे त्यांचं नाव 'ख दिहुआ'. मुलाचं नाव ठेवलं होतं यिनहुआ, यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. तो पण डॉक्टर व्हायला शिकत होता आणि लहान वयातच गेला, १९६७ मध्ये. हे बाबांनी सांगितलं, मला माहीत नव्हतं.

एक म्हातारे गृहस्थ हातातलं लाकडी लट्टू चाबकाने फिरवत होते, तिकडे म्हातारे लोक बागेत हा व्यायाम करतात. लट्टू थांबवून जवळ आले. बाबांच्या चादरीकडे बघितलं. 'यिन्दू?' म्हणजे इंडिया? बाबांनी मान हलवली. म्हाताऱ्यांनी पुतळ्याकडे बोट केलं, मग बाबांकडे, आणि प्रश्नार्थक चेहरा. मी फोनवर टाइप करून दाखवलं की आम्ही त्यांच्याच गावचे. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं. मग बाबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि चिनीत बराच वेळ बोलले, भाषांतराच्या ॲपने त्यातलं 'लहान असताना शाळेने आणलं होतं' एवढंच धड सांगितलं. बाबा सोलापुरीत उत्तर देत होते. दोघांचं दहा मिनिटं चाललं होतं, मी फोन बंद करून खिशात घातला.

ते गेल्यावर बाबांनी चादर काढली, घडी केली, चौथऱ्यावर ठेवली. मला वाटलं आता ही इथेच राहणार. पाच मिनिटं गेली. परत उचलून खांद्यावर टाकली.

'ठेवायची नव्हती का?'

'तुझ्या आईच्या नव्यातली आहे. न विचारता आणलीय.'

दिवस १० ते १२ : बीजिंग आणि परत

बीजिंगबद्दल सगळेच लिहितात, मी सोडून देते. भिंत बघितली, पाय दुखले.

परतीचं बीजिंग-ग्वांगझोऊ विमान दाशिंगहून घेतलं, २०१९ मध्ये झालेलं समुद्री ताऱ्याच्या आकाराचं ते विमानतळ. शहरातल्या त्साओछ्याओ स्टेशनपासून मेट्रोने वीसएक मिनिटं लागतात. बघायला म्हणून पण तासभर आधी जा. आम्हाला साडेचार तास बघायला मिळालं. बोर्डवर आधी अर्धा तास उशीर, मग दोन, मग नुसतंच लाल अक्षर. कारण विचारलं तर 'वाहतूक नियंत्रण'. हे तिकडे नेहमीचं, आकाशातला बराच भाग लष्कराकडे असतो आणि प्रवासी विमानांना उरलेल्या वाटांमध्ये रांग लावावी लागते. कोणी फारसं चिडलं नाही. सगळ्यांनी बॅगांतून कप नूडल्स काढल्या आणि गरम पाण्याच्या नळाला रांग लागली. बाबांनी कडक भाकरी काढली, शेवटची दीड उरलेली, शेजारच्या कुटुंबातल्या आजोबांनी त्यांच्या नूडल्समध्ये तुकडा बुडवून बघितला आणि दुसरा मागितला.

आमचं कोलकात्याचं विमान पहाटेचं होतं आणि ते वेगळं तिकीट, म्हणजे पहिलं चुकलं तर दुसऱ्याला कोणी वाली नाही. मी दोन तिकिटांमध्ये नऊ तास सोडले होते, घरी सगळे हसले होते त्यावर. त्यातले साडेचार गेले. वेगळी वेगळी स्वस्त तिकिटं जोडणार असाल तर शेवटच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी एवढं अंतर ठेवाच, जमलं तर आदल्या दिवशीच पोचा. ग्वांगझोऊला बाबा तीन खुर्च्यांवर चादर घेऊन झोपले, मी जागी.

सगळा हिशोब : आतली तीन विमानं आणि ट्रेनची तिकिटं मिळून माणशी साधारण २,१०० युआन. एक पॉवर बँक जास्तीची.

घरी आल्यावर आईने बॅग उपसली, चादर हातात घेतली, उलटसुलट बघितली. 'ही माझ्या कपाटातली नवी का हो?'

बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, 'नाही गं. विमानात वाटायलालते.'